पान पोचलं, अक्षर वाटेत राहिलं

डॉसला एक खोड होती. फाइल वाचता वाचता २६ किमतीचा बाइट दिसला, की मजकूर संपला असं समजून तो थांबायचा. ही खोड मुळात त्याची नव्हती, सीपी/एम नावाच्या आधीच्या यंत्रणेकडून वारशाने आलेली होती. सीपी/एममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजत. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे कळावं म्हणून तिथे २६ची खूण टाकायची रीत पडली. पुढे डॉसवरच्या सी भाषेच्या लायब्रऱ्यांनीही ती उचलली. पत्र, यादी, हिशेब अशा साध्या मजकुरात २६चा बाइट येतच नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते युनिक्स या दुसऱ्या यंत्रणेवरची मंडळी आपापले प्रोग्रॅम घेऊन डॉस-विंडोजच्या दारात आली तेव्हा.

या मंडळींच्या हातात डीव्हीआय नावाच्या फाइली असत. टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधून तयार झालेली पानं या फाइलींत साठवलेली असतात. डीव्हीआय फाइलमध्ये २६ म्हणजे ‘चालू फॉन्टमधला २६ क्रमांकाचा ठसा इथे उमटव’ असा हुकूम. अंतरं आणि रुंद्या सांगणाऱ्या आकड्यांतही २६ कुठेही येऊ शकतो. या फाइली पडद्यावर दाखवणारा, युनिक्सवर उत्तम चाललेला व्ह्यूअर डॉसवर नेला, की तो दोन-तीन पानं नीट दाखवायचा आणि पुढच्या पानावर अध्येमध्येच फाइल संपल्याचं जाहीर करायचा. दुरुस्ती एका अक्षराची. सी भाषेत फाइल उघडताना ‘आर’ लिहिलं तर ती मजकूर म्हणून उघडते, ‘आरबी’ लिहिलं तर जशीच्या तशी, बाइटला बाइट. युनिक्सला हा भेदच माहीत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी ‘बी’ लिहिण्याचा त्रास कधी घेतला नव्हता.

एका ऑपरेटिंग सिस्टिमवरचा प्रोग्रॅम दुसरीवर चालता करायचा, याला पोर्ट करणं म्हणतात. नागपूरकरांना हे समजवायला फार लांब जायला नको. १९५३च्या नागपूर करारात शब्द दिला होता म्हणून १९६० पासून बहुतेक दर हिवाळ्यात मुंबईचं सरकार इथे अधिवेशनाला येतं. नियम तेच, मंत्री तेच, कामकाजाची पत्रिकाही तीच. पण मंत्रालयात जी गोष्ट कुणी न सांगता होत असते ती इथे सांगून करून घ्यावी लागते. फाइल कुठल्या खोलीत आहे, शिक्का कुणाकडे आहे, चहा कुठून येतो, सगळं नव्याने ठरतं. प्रोग्रॅमचंही तसंच. त्याचं गणित, त्याची मूळ बुद्धी सहज हलते. अडतं ते त्याने गृहीत धरलेल्या गोष्टींपाशी.

युनिक्सवरचे कागदपत्रं दाखवणारे प्रोग्रॅम विंडोजवर कसे आले, त्याची ही गोष्ट. जागतिक इतिहासात ती तळटीपेएवढीही नाही. मराठीला मात्र ती चांगलीच भोवली आहे, म्हणून सांगायची.

सुरुवात टेकपासूनच करावी लागते. १९७७ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनुथ यांच्या हातात त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची प्रुफं आली. छपाई शिशाच्या टंकांवरून फोटोटाइपसेटिंगवर गेली होती आणि गणिताची पानं पाहवत नव्हती. कनुथ यांनी मग अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. टेकमधून निघणारं पान कुठल्याही प्रिंटरवर काढता यावं यासाठी १९७९ मध्ये डेव्हिड फुक्स यांनी डीव्हीआय हा साचा आखला. त्यात अक्षरांचे आकार नसतात. असतात ती फक्त फॉन्टची नावं, ठशांचे क्रमांक आणि जागा. म्हणजे पान बघायला फॉन्टही लागतात आणि ते शोधून आणणारा व्ह्यूअरही लागतो.

युनिक्सवरचा असा सर्वांत गाजलेला व्ह्यूअर म्हणजे एक्सडीव्हीआय. त्याच्या माहितीपानावर त्याची वंशावळ दिलेली आहे आणि ती वाचताना मौज वाटते. कार्नेगी मेलनच्या एरिक कूपर यांनी तो एका विशिष्ट व्हॅक्सस्टेशनच्या पडद्यासाठी लिहिला. एमआयटीच्या बॉब शायफलर यांनी तो युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीवर आणला. हे शायफलर स्वतः एक्सच्या जनकांपैकी एक. एक्सची अकरावी आवृत्ती आली तेव्हा एमआयटीच्याच मार्क आयकिन यांनी तो तिच्यावर नेला. पुढे बर्कलीचे गणिती पॉल वोज्टा यांनी तो सांभाळला. ज्याला आपण ‘युनिक्सचा’ व्ह्यूअर म्हणतो तो विंडोजकडे निघण्याआधीच दोनदा घर बदलून बसला होता.

दुसरी शाखा पोस्टस्क्रिप्टची. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अॅडोबी काढली, १९८५ मध्ये अॅपलचा लेझरायटर प्रिंटर आला आणि पान वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा छपाईच्या धंद्यात रुळली. ती समजणारी यंत्रणा महागड्या प्रिंटरच्या पोटात असे. ज्याच्याकडे तो प्रिंटर नाही त्याने ती फाइल उशाला घेऊन झोपावं. या दुखण्यावर एल. पीटर डॉइच यांनी औषध काढलं. शाळकरी वयात पीडीपी-१ या संगणकावर लिस्प भाषा उतरवणारे आणि पुढे संगीतरचनेकडे वळलेले हे गृहस्थ. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी घोस्टस्क्रिप्ट प्रसिद्ध केलं. पोस्टस्क्रिप्ट वाचून तिचं पान पडद्यावर किंवा साध्या प्रिंटरवर काढणारं हे इंजिन सर्वांसाठी मोकळं होतं.

घोस्टस्क्रिप्ट डॉसवरही चालत असे, पण ते नुसतं इंजिन. एक पान पडद्यावर काढायचं आणि ‘रिटर्न दाबा’ म्हणून वाट पाहायची. दाबलं की पुढचं पान. मागचं पुन्हा बघायचं असेल तर पहिल्यापासून सुरुवात. युनिक्सवाल्यांची या जाचातून सुटका केली ती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टिम थायसन यांच्या घोस्टव्ह्यूने, १९९२च्या सुमाराला. डाव्या बाजूला पानांचे क्रमांक, उजवीकडे पान, सरकपट्ट्या, लहान-मोठं करायची सोय. पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये टिपणांच्या रूपात पानांच्या सीमा लिहिलेल्या असतात. त्या वाचून घोस्टव्ह्यू हव्या त्या पानावर उडी मारायचा.

घोस्टव्ह्यूची करामत एक्स विंडोच्या एका उदारपणावर उभी होती. एक्समध्ये एका प्रोग्रॅमच्या खिडकीत दुसरा प्रोग्रॅम चित्र काढू शकतो, खिडकीचा क्रमांक कळला म्हणजे झालं. घोस्टव्ह्यू नुसती रिकामी खिडकी उघडायचा आणि तिचा क्रमांक घोस्टस्क्रिप्टच्या कानात सांगायचा. घोस्टस्क्रिप्ट पान रंगवून ‘झालं’ असा निरोप पाठवून थांबायचं. वाचकाने बटण दाबलं की घोस्टव्ह्यूकडून ‘पुढचं’ असा निरोप जायचा. दोन स्वतंत्र प्रोग्रॅम, मधे दोन शब्दांचं बोलणं. विंडोज ३.१वर ही व्यवस्था नव्हती. स्मृती ६४ केबीच्या तुकड्यांत वापरायची कटकट होती, ती वेगळीच.

ऑस्ट्रेलियातल्या रसेल लँग यांनी हे काम अंगावर घेतलं. आलेख काढणारा ग्नूप्लॉट विंडोजवर आणण्यातही त्यांचाच हात होता. त्यांचा जीएसव्ह्यू विंडोजवर चालायचा आणि आयबीएमच्या ओएस/२वरही. घोस्टव्ह्यूचा कोड त्यांनी शब्दशः उचलला नाही, बेत उचलला: पानांच्या सीमा वाचणं, हव्या पानावर जाणं, इंजिन मागे ठेवून दर्शनी भाग आपण सांभाळणं. दोन प्रोग्रॅममधलं निरोपांचं दळणवळण विंडोजला झेपेना, म्हणून पुढे घोस्टस्क्रिप्टलाच डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणारी लायब्ररी, करून जीएसव्ह्यूच्या पोटात घातलं गेलं. हा बदल साधा वाटतो, पण त्यामुळे घोस्टस्क्रिप्ट दुसऱ्या कुठल्याही विंडोज प्रोग्रॅमला वापरता येऊ लागलं. पोर्ट करायला गेलेला माणूस मूळ वस्तूही सुधारून ठेवतो, याचं हे चांगलं उदाहरण.

बारीकसारीक अडचणींची तर रासच होती. विंडोजमध्ये फाइलचा पत्ता उलट्या तिरप्या रेघेने लिहितात. पोस्टस्क्रिप्टमध्ये तीच रेघ ‘पुढचं अक्षर खास आहे’ असं सांगते. फाइलचं नाव ‘एन’ने सुरू झालं आणि त्याआधी ती रेघ आली, तर पोस्टस्क्रिप्ट त्या जोडीचा अर्थ ‘नवी ओळ’ असा घेते आणि फाइल सापडत नाही म्हणून सांगते. समोर फाइल दिसत असताना! उपाय म्हणजे रेघ दोनदा लिहायची किंवा युनिक्ससारखी सुलटी वापरायची. युनिक्सवर फोल्डरांची यादी विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडतात. विंडोजवर ती टिंबं ड्राइव्हच्या नावाशी अडकलेली, म्हणून तिथे अर्धविराम. युनिक्सची ओळ एका खुणेने संपते, डॉसची दोन खुणांनी. आणि दोष एकाच बाजूचा नव्हता. विंडोजचे प्रिंटर ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्ट फाइलच्या अगदी सुरुवातीला ४ क्रमांकाचा एक अदृश्य बाइट टाकून ठेवत. ती फाइल युनिक्सवर नेली की पहिलीच खूण जुळायची नाही आणि तिथला प्रोग्रॅम ‘ही पोस्टस्क्रिप्ट नव्हेच’ म्हणून हात झटकायचा.

एक्सडीव्हीआयचं विंडोजवरचं रूप फ्रान्समध्ये घडलं. मेट्झच्या सुपेलेक या अभियांत्रिकी संस्थेतले फाब्रिस पोपिनो यांनी युनिक्सवरचा सगळा टेक-संसार विंडोजवर आणला. एफपीटेक हे त्याचं नाव आणि त्यातला विनडीव्हीआय हा व्ह्यूअर सरळ एक्सडीव्हीआयवरून केलेला. हा खरा पोर्ट. यातली सर्वांत जड गोष्ट पडद्यावर चित्र काढणं ही नव्हती. डीव्हीआय फाइलमध्ये फॉन्ट नसतो हे वर आलंच. हवा तो फॉन्ट हव्या त्या आकारात तयार नसेल, तर एक्सडीव्हीआय एका शेल-स्क्रिप्टला हाक मारायचा आणि ती मेटाफॉन्ट हा टेकचा फॉन्ट घडवणारा प्रोग्रॅम चालवून ठसे पाडून द्यायची. वाचकाला तेवढा वेळ थांबावं लागे, बस्स. विंडोजवर युनिक्सचा शेलच नाही, मग हाक मारायची कुणाला? पोपिनो यांनी त्या स्क्रिप्टांची कामं करणारे स्वतंत्र प्रोग्रॅम सीमध्ये लिहून दिले. बाहेरून कुणाला दिसणार नाही, कुणी शाबासकीही देणार नाही असं हे काम. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं तेच.

विंडोजवर टेक त्याआधी नव्हतं असं नाही. एबरहार्ड माटेस यांचं एमटेक डॉस आणि ओएस/२वर चालायचं, ख्रिश्चन शेंक यांचं मिकटेक विंडोजवर, आणि दोघांचेही व्ह्यूअर त्यांनी स्वतःच घडवलेले. जुनं हलवावं की नवं बांधावं हा वाद त्यामुळे तेव्हाही होता. नवं बांधणाऱ्याला विंडोजच्या चालीरीती चांगल्या कळतात. जुनं हलवणाऱ्याला वर्षानुवर्षं सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या आयत्या मिळतात.

आता मराठीकडे. १९९१ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स वेल्थुइस यांनी त्या वर्षी टेकसाठी देवनागरी फॉन्ट आणि देवनाग नावाचा पूर्वप्रक्रिया करणारा प्रोग्रॅम दिला. त्याच वर्षी अमेरिकेत अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स आलं. रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीने टाइप करायचं आणि त्यातून देवनागरी पान मिळवायचं, ही दोघांचीही रीत. आयट्रान्समध्ये हिंदी, संस्कृत यांच्याबरोबर मराठीचीही वेगळी खूण होती. पुढे वेल्थुइस यांच्या पॅकेजमध्ये अक्षरांचं मुंबई वळणही आलं. हिंदीपेक्षा वेगळे दिसणारे ल, श आपल्याकडच्या डोळ्यांना हवेत, त्यांची ती सोय.

देवनागरीची खरी परीक्षा कुठे असते ते ‘विदर्भ’ या एका शब्दावरून कळतं. आपण आधी ‘व’ म्हणतो आणि मग त्याला ऱ्हस्व वेलांटी देतो, पण कागदावर वेलांटी ‘व’च्या आधी येते. ‘र’ आपण ‘भ’च्या आधी उच्चारतो, पण त्याचा रफार ‘भ’च्या डोक्यावर जातो. एका शब्दात एक खूण मागून पुढे जाते आणि दुसरी पुढून मागे. वेल्थुइस यांच्या देवनागने हे हलवाहलवीचं काम टेकपर्यंत जाण्याआधीच उरकून टाकलं. टेकला मिळायचे ते नुसते ठशांचे क्रमांक, दिसण्याच्या क्रमाने लावलेले. बिचाऱ्याला यात कुठली भाषा आहे याची गंधवार्ताही नसे.

आणि हाच या मार्गाचा मोठा फायदाही ठरला. तेव्हा विंडोजला मराठी येत नव्हती, युनिक्सलाही येत नव्हती. पण पोस्टस्क्रिप्ट फाइल आपले ठसे बरोबर घेऊन चालते, आणि डीव्हीआयच्या वेशीवर मेटाफॉन्ट ठसे पाडून देतो. परदेशातल्या विद्यापीठात सन वर्कस्टेशनवर बसून कुणी आयट्रान्समधून मराठी पान केलं आणि त्याची पोस्टस्क्रिप्ट फाइल नागपूरच्या घरी धाडली, तर इथे विंडोजवर जीएसव्ह्यू असला की ते पान काना-मात्रेसकट तसंच्या तसं दिसणार. ऑपरेटिंग सिस्टिमला देवनागरी येण्याची गरजच नव्हती. १९९० नंतरच्या त्या वर्षांत ही फार मोठी गोष्ट होती. लँग आणि पोपिनो यांना मराठी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरीही मराठीचं पान त्यांच्या खांद्यावर बसून आलं.

महाराष्ट्रात मात्र गाडी वेगळ्याच रुळावर धावत होती. पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभं राहिलं. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम तिथे आलं, आणि भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. पण डीटीपीच्या धंद्याने इस्कीपेक्षा फॉन्ट जवळ केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी छापखान्यांत पसरली. नागपूरच्या सीताबर्डीपासून अमरावती-अकोल्यापर्यंत लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं अशाच फॉन्टांत जुळवलं जाऊ लागलं. या फॉन्टांची युक्तीही वेल्थुइससारखीच होती: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. फरक एवढाच की वेल्थुइसच्या पद्धतीत पानामागे वाचता येईल असा मूळ रोमन मजकूर शिल्लक राहायचा. इथे मागे काहीच नव्हतं, ते तुकडे म्हणजेच मजकूर.

१९९३ मध्ये अॅडोबीने पीडीएफ आणलं. सुरुवातीला वाचणाऱ्याकडूनही रीडरचे पैसे घ्यायचा उद्योग त्यांनी करून पाहिला आणि लवकरच तो सोडला. पीडीएफचा आराखडा मात्र पहिल्यापासून उघड होता. त्यावरून डेरेक नूनबर्ग यांनी १९९५च्या डिसेंबरात युनिक्ससाठी एक्सपीडीएफ प्रसिद्ध केला. एकट्याने सुरू केलेल्या या प्रोग्रॅमची संतती मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. तो ओएस/२वर गेला, ब्रिटिश रिस्क ओएसवर गेला. बीओएसवर त्याचा बीपीडीएफ झाला आणि बीओएस बंद पडल्यावर तिचा वारसा चालवणाऱ्या हायकूवरही राहिला. २००५ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी त्यातलं इंजिन वेगळं काढून पॉपलर केलं. त्याच वर्षी लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने जुने दोन व्ह्यूअर मोडीत काढून पॉपलरवर चालणारा एव्हिन्स घेतला. ग्नोमसारख्याच केडीई या डेस्कटॉपचा केपीडीएफही याच घराण्यातला, पुढे त्याच्यापासून ओक्युलर झाला.

विंडोजवर यातून सर्वांत लोकप्रिय झाला तो सुमात्रा. क्षिश्तोफ कोवालचिक यांनी २००६ मध्ये काढलेली त्याची पहिली आवृत्ती एक्सपीडीएफवर होती, दुसरी पॉपलरवर गेली. थोड्याच काळात त्यांनी पॉपलरही सोडलं आणि म्युपीडीएफ हे इंजिन घेतलं, कारण ते वेगवान होतं आणि विंडोजशी त्याचं जुळत होतं. एव्हिन्सचीही विंडोज आवृत्ती निघाली. पण तिच्या मागोमाग जीटीके, ग्लिब, कैरो असा ग्नोमचा अख्खा गोतावळा विंडोजवर उतरवावा लागायचा. सुमात्रा म्हणजे एक छोटीशी फाइल, पेन ड्राइव्हवर टाकली की चालली. लोकांनी काय निवडलं हे सांगायला नको. पोर्ट करताना काय बरोबर आणायचं याच्याइतकंच काय मागे टाकायचं हेही ठरवावं लागतं.

उलट दिशेची वाहतूकही सांगायला हवी. लिनक्ससाठीचा अॅडोबीचा स्वतःचा रीडर नवव्या आवृत्तीवर थांबला तो थांबलाच. जोनाथन क्यू यांचं झीटेक मॅकवर जन्मलं आणि २००६च्या सुमाराला लिनक्स आणि विंडोजवर आलं. मराठी लेखकाला त्याचं अप्रूप असायला हवं, कारण झीटेकमध्ये युनिकोड देवनागरी थेट लिहिता येते. देवनागला मधे घालायची गरज उरत नाही.

तोवर खालची जमीनही बदलली होती. विंडोज २०००ने देवनागरी यंत्रणेतच आणली आणि तिच्यासोबत मंगल फॉन्ट दिला. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. आर. के. जोशी या नावाने सुलेखनाच्या जगात ओळखले जाणारे हे गृहस्थ आयआयटी मुंबईत शिकवत, नंतर मुंबईच्या एनसीएसटी या संगणक-संशोधन संस्थेत होते. २००८ साली ते गेले. त्याच एनसीएसटीत एक्स विंडोला भारतीय लिप्या शिकवण्याचा इंडिक्स हा प्रकल्प झाला. २००४ मध्ये लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने लोहित फॉन्ट मोकळे केले, ते मूळ मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत बसून मराठी मंडळींनी ग्नोमचं मराठी भाषांतर केलं. त्यात एव्हिन्सही आला. लिनक्सवर मराठीत ‘छपाई’, ‘पुढील पान’ असं वाचता येऊ लागलं.

म्हणजे सगळं जुळून आलं म्हणायचं. व्ह्यूअर प्रत्येक सिस्टिमवर आहे, फॉन्ट आहेत, युनिकोड आहे. मग एखाद्या मराठी पीडीएफमध्ये ‘विदर्भ’ शोधून बघा. ‘नागपूर’ सापडतं, ‘विदर्भ’ सापडत नाही. ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली तर ‘िवदभर्’ असं काहीतरी मिळतं. वेलांटी ‘व’च्या आधी लोंबकळते आहे, रफार शेवटी जाऊन पडला आहे. ‘नागपूर’ या शब्दात जागा बदलणारी खूणच नाही, म्हणून तो सुटतो. ‘हिवाळी अधिवेशन’ शोधलंत तर दोन्ही शब्दांत वेलांटी आडवी येते. आणि पीडीएफ श्री-लिपीच्या काळातलं असेल, तर ‘नागपूर’सुद्धा सापडणार नाही. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा समोर येईल.

याचं कारण १९७९च्या डीव्हीआयपासून चालत आलं आहे. ही सगळी घराणी पानाचं रूप पोचवण्यासाठी जन्मली, आणि पीडीएफही त्यांच्यातलंच. पीडीएफच्या पोटात आजही ठशांचे क्रमांक आणि जागा असतात, दिसण्याच्या क्रमाने. कुठला ठसा म्हणजे युनिकोडचं कुठलं अक्षर, याचा एक तक्ता फाइलला जोडता येतो. रोमन लिपीचं त्यावर भागतं. देवनागरीचं भागत नाही, कारण तक्ता ठसा ओळखतो, पण तो ठसा उच्चारात कुठे बसतो हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी पीडीएफमध्ये दुसरी एक सोय आहे: ठशांच्या एखाद्या झुबक्यामागे त्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा नोंदवून ठेवायची. अलीकडच्या झीटेकला ती येते, लिबरऑफिसही वापरतं, आणि पॉपलरसारखी इंजिनं शोधताना ती वाचतात.

दोष व्ह्यूअरचा नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. सुमात्रा बदलून ओक्युलर घेतला, विंडोज सोडून लिनक्सवर गेलात, तरी जे फाइलमध्ये भरलेलंच नाही ते कुठलाही व्ह्यूअर दाखवू शकत नाही. पोर्ट करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. त्यांच्या हाती जे दिलं ते त्यांनी एका यंत्रणेतून दुसरीत एकाही बाइटचा फरक न करता नेलं, त्यात तो २६ही आला. मराठी मजकूर त्यांच्या हाती आपण दिलाच नव्हता. आता जुन्या फाइलींवर ओसीआर चालवायचं, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखवून घ्यायची, एवढाच इलाज उरतो. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला मराठी येते, पण जोडाक्षरांवर तो अडखळतो आणि प्रुफं माणसालाच वाचावी लागतात.

नव्या फाइलींचं तसं नाही. शासन निर्णय असो, न्यायालयापुढचं भाषांतर असो, संस्थेचा अहवाल असो किंवा दिवाळी अंक असो, ज्यांच्या हातून मराठी पीडीएफ तयार होतं त्यांना एवढंच सांगायचं आहे. फाइल युनिकोडमध्ये करा, आणि संकेतस्थळावर चढवण्याआधी तीत ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेला एखादा शब्द शोधून बघा. सापडला नाही तर ती फाइल छापायला चालेल, जपून ठेवायला चालणार नाही. मूळ मजकुराची फाइल तिच्यासोबत ठेवा.